गीता २.४० : थोडंसं, आणि फार मोठी भीती



आजचा श्लोक दुसऱ्या अध्यायातला चाळिसावा. पाठ असेल तर मनात एकदा म्हणून घ्या, नसेल तर गीता काढून वाचा. मी इथे अर्थच सांगतो. भगवंत म्हणतात, या मार्गावर केलेली सुरुवात वाया जात नाही. मध्ये कुठे अडलं, राहिलं, तर त्याचा उलटा दोष लागत नाही. आणि या धर्माचं थोडंसं आचरणसुद्धा फार मोठ्या भयातून सोडवतं.

व्हॉट्सॲपवर कमळाच्या चित्रावर छापून येतो तो सत्तेचाळिसावा, फळाच्या आशेबद्दलचा. चाळिसावा त्याच्या सात घरं अलीकडे राहतो आणि त्याच्याकडे फारसं कुणी जात नाही. मला विचाराल तर सत्तेचाळिसाव्याचा जिना इथूनच सुरू होतो.

तुमच्यापैकी बरेच जण जपाचं ॲप वापरता. एक्केचाळीस दिवस सलग जप झाला. बेचाळिसाव्या दिवशी रिलीज होती, रात्री दोनला घरी आलात, तसेच झोपलात आणि सकाळी ॲपने शून्य दाखवलं. मग "आता सगळंच गेलं" म्हणून पुढचे तीन महिने माळ हातातच घेतली नाही. अशांसाठी आजचा श्लोक अगदी सरळ आहे. तो शून्य ॲपचा आहे. (काउंटर रीसेट होणं आणि डेटा जाणं यातला फरक आपल्या धंद्यातल्या लोकांना तरी सांगायला नको.) आज पुन्हा माळ घ्या, विषय संपला.

माझ्या घरात मात्र हा श्लोक इतका सरळ उतरला नाही. आज लिहायचंय ते त्याबद्दल.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आम्हाला जुळी मुलं आहेत, दोघेही मुलगे, आता पाच वर्षांचे. तिसाव्या आठवड्यात जन्मले. थोरला दोन मिनिटांनी थोरला, पण तोरा दहा वर्षांचा. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, त्यातला स्पास्टिक डायप्लेजिया हा प्रकार. म्हणजे मेंदूकडून पायांच्या स्नायूंना जाणारा निरोप बिघडलेला. पाय कायम ताठ, टाचा उचललेल्या, गुडघे एकमेकांकडे ओढलेले. हात बऱ्यापैकी चालतात आणि तोंड तर अखंड चालतं. धाकट्याला ऑटिझम आहे. तो धावतो, सोफ्यावरून उड्या मारतो, गरागरा फिरतो. बोलत नाही.

आमचा दिवस पावणेसहाला सुरू होतो. थोरल्याच्या पोटऱ्या आणि मांडीमागचे स्नायू ताणायचे, प्रत्येक ताण तीसपर्यंत मोजून धरायचा. आकडे मोजायचा कंटाळा आला म्हणून बायकोने 'विठ्ठल विठ्ठल' म्हणायला सुरुवात केली, आता तेच माप झालंय. मग मोजे चढवायचे, त्यात एकही चुणी नको, कारण वर प्लास्टिकचे स्प्लिंट येतात आणि चुणीची जागा दुपारपर्यंत लाल होते. मग स्टँडिंग फ्रेम. ही एक लाकडी चौकट असते, छातीला, कमरेला आणि गुडघ्यांना पट्टे लावून मुलाला त्यात उभं करायचं. हाडांवर शरीराचा भार पडावा, कंबरेचा सांधा नीट घडावा म्हणून. रोज चाळीस मिनिटं. घर लहान, त्यामुळे फ्रेमची जागा देवघरासमोरच आहे.

मध्यंतरी तो त्यात उभा होता आणि समोरच्या मूर्तीकडे बघत होता. म्हणाला, "बाबा, विठोबाला पट्टे कुठे लावलेत?"

"त्याला नाही लागत रे."

"मग त्याची वेळ कधी संपते?"

त्याच्या फ्रेमला टायमर असतो, चाळीस मिनिटं झाली की वाजतो. मी पुंडलिकाची गोष्ट सांगितली. आईवडिलांची सेवा चालली होती, देव दारात आला, पुंडलिकाने वीट सरकवली आणि सांगितलं की जरा थांब, हातातलं काम होऊ दे. तेव्हापासून देव उभा आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे पुंडलिक विसरला."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर कळवा.

धाकट्याचा दिवस फ्रिजवर चिकटवलेला असतो. चित्रांची एक पट्टी, दात घासणं, आंघोळ, नाश्ता, शाळा, झोका. क्रम बदलला की त्याच्या पायाखालची जमीन जाते. दहीभात त्याच स्टीलच्या वाटीत हवा. कुकरची शिट्टी, मिक्सर, झांज, यातलं काहीही वाजलं की दोन्ही हात कानांवर. त्यामुळे आमच्या घरची आरती टाळ्या आणि झांजांशिवाय, हलक्या आवाजात होते. गणपतीत शेजारच्या काकू म्हणाल्या, "हे काय, आरती आहे की गुपित?" हसू आलं. पण त्या दिवसापासून त्याही आमच्याकडे येऊन हळूच म्हणतात.

आता श्लोकाकडे येतो.

धाकटा दीड वर्षाचा असताना त्याला बारा शब्द येत होते. मी इंजिनिअर असल्याने एक्सेलमध्ये लिहून ठेवले होते, तारखांसकट. आई, बाबा, दे, भू, काऊ. दोन वर्षांचा होईपर्यंत एकेक शब्द निघून गेला. शेवटचा गेला तो 'काऊ'. ऑटिझममध्ये काही मुलांचं असं होतं, या वयात आलेले शब्द मागे जातात, हे आम्हाला डॉक्टरांनी नंतर समजावलं. आम्ही काही केलं किंवा केलं नाही याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

थोरल्याचं गेल्या वर्षी उलट चाललं होतं. वॉकर धरून चार पावलं, मग सात, मग अकरा. आम्ही भिंतीवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. मग तो एकदम उंच झाला. अशा मुलांची हाडं वाढतात, पण ताठ स्नायू त्यांच्या वेगाने लांबत नाहीत. टाचा पुन्हा वर गेल्या, अकराची चार झाली. फिजिओच्या ताई म्हणाल्या, "वाढीच्या प्रत्येक टप्प्यात हे होणार, दादा. तयारी ठेवा." एनआयसीयूच्या काचेबाहेर उभं राहून आम्ही एकच मागत होतो, याला वाढू दे. तो वाढला, आणि त्या वाढीनेच तीन वर्षांच्या सकाळी मागे नेल्या.

नेमका तेव्हा रोजच्या वाचनात चाळिसावा श्लोक आला. केलेली सुरुवात वाया जात नाही म्हणे. माझ्या भिंतीवर सात पेन्सिलीच्या खुणा वाया गेलेल्या मला दिसत होत्या. शेजारी एक्सेलचे बारा शब्द होते. मी पुस्तक मिटलं. देवावर राग नव्हता खरं तर. एखादा प्रेमळ नातेवाईक "सगळं ठीक होईल हो" म्हणतो तेव्हा येतो तसला कंटाळा होता.

वाट निघाली ती शांकरभाष्यात. या श्लोकावर आचार्यांनी दोन उदाहरणं दिली आहेत, दोन्ही उलट बाजूची. शेतीसारखा प्रयत्न वाया जाऊ शकतो, कर्मयोगाचं तसं नाही, असं ते म्हणतात. आणि औषधोपचारात जसा विपरीत परिणाम होऊ शकतो, तसाही इथे होत नाही.

मी ते तीन-चारदा वाचलं. शेती आणि उपचार! म्हणजे हजाराहून अधिक वर्षांपूर्वी आचार्यांनी माझी तक्रार आधीच वेगळी काढून ठेवली होती. उपचार वाया जाऊ शकतो, उपचार अंगावर येऊ शकतो, हे त्यांना मान्यच आहे. आजचा श्लोक फिजिओथेरपीबद्दल आश्वासन देतच नाही. अकरा पावलं अकराच राहतील, बारा शब्द टिकतील, असं भगवंत कुठेही म्हणालेले नाहीत. ते मी त्यांच्या तोंडी घातलं होतं, आणि माझ्यासारख्या बऱ्याच घरांत ते घातलं जातं. "श्रद्धेने करा, फळ मिळणारच." हे वाक्य गीतेतलं नाही.

विचित्र वाटेल, पण मला याने फार हलकं वाटलं. कारण थेरपीला थेरपीसारखं बघता आलं. ती शेती आहे. पाऊस पडेल, न पडेल. एखादी पद्धत सहा महिन्यांत काहीच देत नसेल तर ती बदलायची, त्यात श्रद्धेला धक्का लागत नाही. पोटरीत बोटॉक्सचं इंजेक्शन घ्यायचं की नाही हा हिशेबाचा प्रश्न आहे, तो हिशेबानेच सोडवायचा, देवासमोर चिठ्ठ्या टाकून नाही. धाकट्याला चित्रांची कार्डं दिली तर तो बोलायचा आळस करेल असं घरातले म्हणत होते. आम्ही विचारलं, वाचलं, कार्डं दिली. आता तो पाण्याचं कार्ड आणून हातात ठेवतो. आधी पाण्यासाठी रडून लालबुंद व्हायचा. ही शेतीतली गोष्ट झाली. पीक आलं, आनंद आहे. उद्या कार्डंही बंद केली त्याने, तर वाईट वाटेल, पण श्लोक खोटा ठरणार नाही.

मग वाया न जाणारं काय? पावणेसहाला उठून, फळावर डोळा न ठेवता, त्या पायाला हात लावणं, ते. त्या वेळी पाय हा प्रोजेक्ट नसतो. त्या तीस 'विठ्ठल'मध्ये मी त्याची पोटरी धरून असतो आणि तो मला आदल्या रात्रीचं स्वप्न सांगत असतो, ज्यात हमखास जेसीबी असतो. ही सकाळ झालेली आहे. चार पावलांनी ती न झालेली होत नाही. असं रोज जमतं असं मुळीच नाही. कित्येकदा माझं अर्धं डोकं साडेनऊच्या कॉलमध्ये असतं. पण श्लोकात 'थोडंसं' असाच शब्द आहे, आणि तो शब्द भगवंतांनी उगीच घातलेला नाही. ज्ञानेश्वर माउली याच विवेचनाच्या ओघात दिव्याच्या ज्योतीचा दाखला देतात. ज्योत लहान म्हणून उजेडाला लहान म्हणू नये, अशा अर्थाचा.

आणि हे एकदा ऐकून अर्जुनालाही पटलेलं नाही बरं का. सहाव्या अध्यायात तो पुन्हा तेच विचारतो. श्रद्धा आहे पण प्रयत्न अपुरा पडला, मध्येच मन घसरलं, तर तो माणूस फाटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून जातो का? त्यावर उत्तर देताना भगवंत त्याला पार्थ म्हणतातच, पण 'तात' असंही म्हणतात. बाळा म्हणावं तसा हा शब्द. चांगलं करणाऱ्या कुणाचीही दुर्गती होत नाही, बाळा. चार अध्याय आणि दोनशेच्या आसपास श्लोक उलटल्यावर तेच उत्तर, जास्त मायेने. रोज तीच शंका येते म्हणून लाज वाटणाऱ्यांनी सहावा अध्याय वाचावा.

एक विषय टाळता येत नाही. अशी मुलं घरात असली की कुणीतरी 'मागच्या जन्मीचं' काढतंच. दुसरी बाजू असते "देवाने तुमची निवड केली, ही दैवी मुलं आहेत" वाल्यांची. दोन्ही वाक्यांत मुलगा दिसत नाही. आमचे हे दोघे वॉकरवरून मारामारी करतात, एकमेकांचे केस ओढतात. त्यांना मुलगे राहू द्या.

आमच्या एका वडीलधाऱ्यांनी फार प्रेमाने सांगितलं होतं, "माउलींनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले, तुझा मुलगा का नाही बोलणार?" हेतू चांगलाच होता. पण ती कथा नीट आठवून बघा. चार भावंडं पैठणला गेली होती ती शुद्धिपत्र मागायला. संन्याशाची पोरं म्हणून जन्मानेच त्यांच्यावर शिक्का बसला होता, ज्यात त्यांचा काही दोष नव्हता. वाद झाला तो सगळ्यांमध्ये एकच आत्मा आहे का, यावर. कथेत रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले जातात आणि वळ उठतात माउलींच्या पाठीवर. वेद त्यानंतर. आपण वेदांचा चमत्कार तेवढा लक्षात ठेवतो. वळांच्या वेळी तो रेडा मुकाच होता. एक अक्षर न बोलता तो माउलींच्या इतका जवळ होता की त्याचा मार यांना लागला. माझ्यापुरती कथा तिथेच पूर्ण होते. धाकटा बोलला तर मी पेढे वाटीन, अख्ख्या सोसायटीला. पण नामाला जीभ लागतेच, बोलला नाही तर तो देवापासून एक पायरी खाली, असं कुणी म्हणालं तर मी पैठणची पाठ दाखवीन.

(शुद्धिपत्रावरून आठवलं. आमच्याकडेही दोघांची प्रमाणपत्रं आहेत. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, त्यात ऑटिझम आणि सेरेब्रल पाल्सी दोन्ही येतात. कार्डावर टक्के लिहिलेले असतात आणि बहुतेक सवलतींची रेषा ४० टक्क्यांवर आहे. आपल्या पोराच्या नावापुढे टक्के वाचताना पहिल्यांदा कसंतरीच होतं. तरी काढून घ्या. पैठणच्या कागदापेक्षा हा कागद जास्त उपयोगी आहे.)

आता श्लोकाचा शेवटचा भाग, मोठं भय. आचार्य याचा अर्थ संसाराचं भय, जन्म-मरणाचं भय असा देतात. अशा मुलांच्या कुठल्याही आईबापाला विचारा, त्याचं भाषांतर तीन शब्दांत मिळेल. आमच्यानंतर यांचं कसं?

ही भीती रात्री दोनला येते. एका मुलाच्या आईबापांना निदान कल्पना करता येते की भावंड बघेल. आमच्याकडे दोघं आहेत, आणि लोक म्हणतात, "एकमेकांना आहेत ना." आहेत. पण एकाने दुसऱ्याचे पाय व्हायचं आणि दुसऱ्याने पहिल्याची जीभ व्हायची, हा करार आम्ही पाच वर्षांच्या पोरांच्या वतीने करणार नाही.

मी या भीतीकडे बरेच दिवस बघतोय. ती नेहमी चाळीस वर्षं एकदम घेऊन येते. मी सत्तरीचा, हे चाळिशीचे, घर कुणाच्या नावावर, आंघोळ कोण घालणार, ताप आला तर धाकटा सांगणार कसा. आणि म्हणते, याचं उत्तर आत्ता दे, अंधारात, झोपल्या जागी. एवढ्या मोठ्या मागणीपुढे मी मोठं काही ठेवायला गेलो की हरतोच. श्लोकातलं 'थोडंसं' मला त्या वेळी कामाला येतं. जपाचा एक फेरा, आणि सकाळी त्या चाळीस वर्षांतलं एकच काम.

बायको आणि मी आता तसंच करतो. एका महिन्यात राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ चा, वाचून काढला. तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगत्व या चौघांसाठी आहे. मुलं अठरा वर्षांची झाल्यावर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. दुसऱ्या महिन्यात त्यांच्याच निरामय योजनेचा फॉर्म भरला, १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, थेरपीही त्यात येते. तिसऱ्या महिन्यात मृत्युपत्राचा कच्चा मसुदा झाला, तो लिहिताना दोघं मिळून रडलो आणि मग मिसळ खायला गेलो. गेल्या रविवारी माझ्या धाकट्या बहिणीशी बोललो. मी बराच वेळ प्रस्तावना करत होतो. ती म्हणाली, "दादा, मला विचारायला तुला पाच वर्षं लागली?" मग तिने थोरल्याचे स्प्लिंट कसे बांधायचे ते शिकून घेतलं. पहिल्या वेळी मोज्याला चुणी राहिली होती, थोरल्यानेच तिला ओरडून काढायला लावली.

भीती गेली का? नाही. परवाही आली होती. पण या खेपेला फाइलमध्ये चार कागद होते, तिने ते बघितले बहुतेक, आणि मी साडेतीनच्या आत झोपलो.

उद्या एक्केचाळिसावा श्लोक, एकाग्र बुद्धीबद्दलचा. घरात दोन पाच वर्षांची मुलं असताना त्यावर काय लिहिणार ते उद्याच बघू. टायमर वाजतोय, थोरल्याला फ्रेममधून काढायचंय.

राम कृष्ण हरी.